रक्तपेढीतून फोन आला: 'रिॲक्टिव्ह' म्हणजे नेमकं काय?

मुळशीकर

शिबिरात रक्त दिल्यावर काही दिवसांनी पेढीतून फोन येतो, "एकदा येऊन जा, एक चाचणी पुन्हा करायची आहे." त्या फोननंतर माणसाची झोप उडते. काही जण घाबरून जातच नाहीत. काही जण गल्लीतल्या लॅबमध्ये पट्टीवरची चाचणी करून घेतात, 'निगेटिव्ह' वाचतात आणि पुढच्या शिबिरात पुन्हा हात पुढे करतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. त्यामागचं कारण नीट कळावं म्हणून हा धागा.

आपल्याकडे दान केलेल्या प्रत्येक पिशवीवर कायद्याने पाच तपासण्या सक्तीच्या आहेत: एचआयव्ही १ व २, कावीळ ब (एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या आवरणाचं प्रथिन), कावीळ क (एचसीव्ही), गरमी म्हणजे सिफिलिस, आणि हिवताप. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत हे येतं. पेढीचा परवाना त्यावर टिकतो आणि तपासायला अन्न व औषध प्रशासनाची माणसं येतात.

यात मुळातली गोष्ट अशी की पेढी पिशवीला प्रश्न विचारते, दात्याला नाही. प्रश्न एवढाच, की ही पिशवी कुणाला चढवायची का? शंकेचा फायदा इथे रुग्णाला द्यायचा. म्हणून चाचणी मुद्दाम इतकी हळवी ठेवलेली असते की एकही खरा संसर्ग निसटू नये, भले काही चांगल्या पिशव्या फुकट गेल्या तरी चालतील.

आता आकडेमोड करून पाहा. समजा १०,००० दात्यांमध्ये १० जणांना खरोखर संसर्ग आहे. चाचणीने ते दहाही पकडले. पण निरोगी माणसाला निरोगी म्हणण्यात तीच चाचणी ९९.५ टक्के अचूक आहे, म्हणजे उरलेल्या ९,९९० पैकी सुमारे ५० जण उगाच रिॲक्टिव्ह येणार, म्हणजे त्यांच्या नमुन्यात चाचणीची प्रतिक्रिया दिसणार. एकूण रिॲक्टिव्ह ६०, त्यांत खरे १०. फोन आलेल्या सहा जणांपैकी पाच निरोगी! चाचणी उत्तम असूनही हे घडतं, कारण दात्यांमध्ये आजार मुळात विरळ असतो. हीच चाचणी जिथे आजार जास्त आहे अशा गटावर लावली, तर तोच 'रिॲक्टिव्ह' बहुतेक वेळा खरा निघेल.

म्हणून पेढीच्या कागदावर 'पॉझिटिव्ह' नसतं, 'रिॲक्टिव्ह' असतं.

हिरवा चाफा

छान मांडलंय. एलायझा म्हणजे रंग बदलण्यावरून रक्तातली अँटिबॉडी किंवा अँटिजेन ओळखणारी चाचणी. तिच्या टेबलावर काय चालतं आणि कुठे बिघडतं ते मी लिहितो. वेळा आणि प्रमाणं किटप्रमाणे बदलतात, पाकिटातलं माहितीपत्रक हेच अंतिम. नवं लॉट आलं की ते पुन्हा वाचायचं.

किट २ ते ८ अंशांना ठेवलेलं असतं. बाहेर काढून अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. थंड द्रव्य थेट वापरलं की सगळ्या प्लेटचा रंग फिका पडतो. नमुना साधारण ५० ते १०० मायक्रोलिटर, ३७ अंशांना अर्धा ते एक तास. मग पाच-सहा धुण्या, दर वेळी वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) ३५० मायक्रोलिटर म्हणजे काठोकाठ. मग कॉन्ज्युगेट (एन्झाइम जोडलेलं द्रव्य), पुन्हा ३७ अंश, पुन्हा धुण्या. शेवटी टीएमबी सब्स्ट्रेट (त्या एन्झाइममुळे रंग येणारं द्रव्य) १०० मायक्रोलिटर, अंधारात, बहुधा ३० मिनिटं. वेल निळी होते, सौम्य सल्फ्युरिक ॲसिड टाकलं की निळ्याची पिवळी होते. ४५० नॅनोमीटरला वाचायचं, संदर्भासाठी ६३० च्या आसपास.

चुका बहुतेक धुण्यात होतात. वॉशरला एका ओळीत आठ सुया असतात, प्लेटच्या 'ए' ते 'एच' या आठ आडव्या रांगांना एकेक. त्यातली एखादी मिठाच्या खड्याने तुंबली की त्या सुईखालच्या वेल नीट धुतल्या जात नाहीत, कॉन्ज्युगेट तसंच उरतं आणि रंग चढतो. म्हणून प्लेट रीडरमध्ये घालण्याआधी डोळ्यांनी बघा. 'सी'ची आडवी रांग एकापासून बारापर्यंत पिवळट दिसत असेल, तर ते बारा दाते आजारी नाहीत, तिसरी सुई तुंबलेली आहे. सुया रोज डिस्टिल्ड पाण्याने धुवा. वॉश बफरच्या बाटलीत तळाशी खडे दिसले तर ३७ अंशांना ठेवून पूर्ण विरघळवा आणि मगच पातळ करा.

दुसरं, सिरममधली फायब्रिनची जाळी. नमुना पुरता गोठू न देता घाईने सेंट्रिफ्यूज केला की बारीक धागे राहतात, ते वेलच्या तळाला चिकटतात आणि कॉन्ज्युगेट धरून ठेवतात. असा नमुना पुन्हा फिरवून लावला की बऱ्याचदा साफ निगेटिव्ह येतो.

तिसरं, हायपोक्लोराइट. टेबल पुसायला ते हवंच, पण त्याचा अंश टीएमबीत गेला तर संसर्ग नसतानाही निळा रंग येतो. उलट सोडियम ॲझाइड घातलेला नमुना किंवा बफर वापरला तर पेरॉक्सिडेझ एन्झाइमच मरतं आणि खरा पॉझिटिव्हही फिका दिसतो.

आणि सगळ्यांत भयंकर चूक म्हणजे वेलमध्ये नमुना टाकायचाच राहणं. रिकामी वेल निगेटिव्हच वाचली जाते, मशीन काही तक्रार करत नाही. म्हणून ज्या किटमध्ये नमुना पडल्यावर डायल्युअंटचा रंग बदलतो ती किट हाताने काम करणाऱ्या पेढीने निवडावी. ९६ वेल हाताने भरताना पहिल्या आणि शेवटच्या वेलमध्ये दहा-पंधरा मिनिटांचं अंतर पडू देऊ नये. मल्टिचॅनल नसेल तर सरळ अर्धी प्लेट लावा.

गावठाण

किटमध्ये पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कंट्रोल येतातच. ते बरोबर आले तर प्लेट बरोबर असं धरायचं ना?

हिरवा चाफा

@गावठाण, तेवढ्याने भागत नाही. किटचा पॉझिटिव्ह कंट्रोल चांगला ठसठशीत असतो. किटची ताकद निम्म्यावर आली तरी तो पॉझिटिव्हच दिसतो. पेढीने स्वतःचा एक कमकुवत कंट्रोल ठेवायचा, कटऑफच्या (रिॲक्टिव्ह ठरवणाऱ्या सीमारेषेच्या) दोन-तीन पट वाचन येईल असा पातळ केलेला. लहान लहान भाग करून गोठवायचा, रोज एक भाग काढायचा, उरलेला परत गोठवायचा नाही. त्याचं वाचन भागिले कटऑफ हा आकडा रोज लेव्ही-जेनिंग्ज आलेखावर मांडायचा. सरासरीपासून तीन प्रमाण-विचलनांच्या पलीकडे गेला तर प्लेट रद्द. लागोपाठ दोनदा एकाच बाजूला दोन विचलनांपलीकडे गेला तरी थांबायचं आणि कारण शोधायचं. सहा-सात दिवस एकाच दिशेने उतरत असेल तर फ्रिज तपासा, इन्क्युबेटरचं तापमान वेगळ्या थर्मामीटरने मोजा.

आणि कटऑफच्या खाली दहा टक्क्यांच्या पट्ट्यात, म्हणजे ग्रे झोनमध्ये आलेली पिशवी सोडायची नाही. कटऑफ ०.२०० आणि नमुना ०.१९२ असताना 'निगेटिव्ह' असा शिक्का मारणं मला मान्य नाही.

आरस्पानी

आता उलट बाजू. रिॲक्टिव्ह म्हणजे आजारी नव्हे हे झालं. नॉन-रिॲक्टिव्ह म्हणजेही शंभर टक्के सुरक्षित नव्हे. संसर्ग झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंतचा काळ म्हणजे विंडो पिरियड. एचआयव्हीचा फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या तिसऱ्या पिढीच्या एलायझात तो साधारण तीन आठवडे. चौथ्या पिढीची किट अँटिबॉडीसोबत पी-२४ अँटिजेनही (विषाणूचं स्वतःचं प्रथिन) शोधते, त्यामुळे पाच-सहा दिवस वाचतात. कावीळ ब एचबीएसएजीवर दिसायला पाच-सहा आठवडे लागतात. कावीळ क सर्वांत लबाड, अँटिबॉडी उमटायला आठ-दहा आठवडे. एवढ्या काळात दाता ठणठणीत असतो आणि रक्त मात्र संसर्ग देऊ शकतं.

नॅट, म्हणजे न्यूक्लिक ॲसिड टेस्ट, विषाणूचं आरएनए-डीएनएच शोधते. त्यात एचआयव्ही दहा-अकरा दिवसांवर येतो, कावीळ क आठवड्याच्या आसपास, कावीळ ब तीन आठवड्यांच्या घरात.

पण नॅट एकेका नमुन्याची केली की सहा नमुने मिसळून, हे विचारा. सहा एकत्र केले की प्रत्येक नमुना सहापट पातळ होतो. हरवलेली ताकद भरून यायला विषाणूला अडीचपेक्षा थोडं जास्त वेळा दुप्पट व्हावं लागतं. एचसीव्ही सुमारे ११ तासांत दुप्पट होतो, म्हणजे नुकसान दिवसभराचं. एचआयव्हीला सुमारे २० तास लागतात, म्हणजे दोन दिवसांचं नुकसान. कावीळ ब मात्र संथ, दुपटीला अडीच दिवस, म्हणजे साडेसहा दिवस हातचे गेले. आपल्या देशात कावीळ बचं प्रमाण लक्षात घेता मिश्रणाची खरी किंमत तिथेच मोजावी लागते.

नॅट आली म्हणून एलायझा बंद, असंही नाही. औषधं नियमित घेणाऱ्या एचआयव्ही रुग्णाच्या रक्तात विषाणू सापडणार नाही इतका कमी असतो, नॅट निगेटिव्ह येते, अँटिबॉडी मात्र ठळक. दोन्ही चाळण्या लागतात.

गावठाण

मग नॅट सगळीकडे सक्तीची का नाही?

मुळशीकर

आजच्या घडीला कायद्याने नाही. माझं स्पष्ट मत, थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर शेकडो दात्यांचं. त्याच्यासाठी तरी नॅट झालेलीच पिशवी असावी.

हिरवा चाफा

तत्त्व मान्य, क्रम नाही. ज्या पेढीत वॉशरची सुई महिनोन्महिने साफ होत नाही, जिथे कमकुवत कंट्रोल लावला जात नाही, तिथे आधी एलायझा सुधारा. खराब एलायझातून जे निसटतं ते विंडो पिरियडमधलं नसतं, पूर्ण पिकलेला संसर्ग निसटतो. छोट्या पेढ्यांनी नमुने मोठ्या केंद्रात पाठवून नॅट करून घेणं हा मधला मार्ग चांगला.

आरस्पानी

@हिरवा चाफा, हे पटलं. नमुने पाठवताना घ्यायची काळजी: ईडीटीए नळीच घ्या, हेपरिन अजिबात नको, त्याने पीसीआर (आरएनए-डीएनएच्या प्रती वाढवणारी क्रिया) अडतं. प्लाझ्मा लवकर वेगळा करा, जेलची नळी असेल तर सोपं पडतं. नळी एकदाच उघडायची, तीही नॅटच्या खोलीत. एलायझाला आधी उघडलेली नळी नंतर नॅटला दिली की शेजारच्या नमुन्याचा सूक्ष्म थेंबही खोटा पॉझिटिव्ह देतो. काम एकाच दिशेने जायला हवं: अभिकर्मकांची खोली, मग नमुन्यांची, मग ॲम्प्लिफिकेशनची, म्हणजे प्रती वाढवण्याची. त्या खोलीतला कोट घालून मागे यायचं नाही.

नॅट रिॲक्टिव्ह आली आणि पुन्हा लावल्यावर आली नाही, असं कावीळ बमध्ये बऱ्याचदा होतं. विषाणू इतके थोडे असतात की एका पिपेटमध्ये येतात, दुसऱ्यात येत नाहीत. याला 'मशीनची चूक' म्हणून पिशवी सोडू नका. एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटि-एचबीसी (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह आणि डीएनए अगदी थोडं, ही छुपी कावीळ ब असते आणि ती रक्तातून लागू शकते.

सूक्ष्मदर्शी

गरमी आणि हिवताप या दोन तपासण्यांकडे कुणी नीट बघत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

गरमीच्या आरपीआर चाचणीच्या कार्डावर १८ मिलिमीटरचं वर्तुळ असतं. त्यात ५० मायक्रोलिटर सिरम, पूर्ण वर्तुळभर पसरवायचं. अँटिजेनची बाटली हलक्या हाताने हलवून, ठरलेली सुई उभी धरून एक थेंब. थेंबानंतर काडीने ढवळायचं नाही. रोटेटरवर मिनिटाला १०० फेऱ्या, आठ मिनिटं, वरून ओलसर झाकण. मग कार्ड उजेडात थोडं तिरकं करून बघायचं. निगेटिव्हमध्ये कोळशाचे कण मधोमध गोळा होऊन एक गुळगुळीत करडं बटण होतं. रिॲक्टिव्हमध्ये काळे गुठळे पांढऱ्यावर सुटे सुटे दिसतात, ओल्या रांगोळीत कोळशाची पूड पडल्यासारखे. झाकण विसरलं की कडेने सुकतं आणि कडेची रेघ गुठळीसारखी भासते. खोली २३ अंशांहून थंड असेल तर प्रतिक्रिया दुबळी पडते. एसीच्या झोताखाली रोटेटर ठेवू नका.

ही चाचणी जंतू शोधत नाही, कार्डिओलिपिनविरुद्धच्या अँटिबॉडी शोधते. गरोदरपण, ल्युपस, काही ताप यांतही ती येते. म्हणून खात्री टीपीएचएने, म्हणजे खुद्द गरमीच्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचणीने करायची. उलट, दुय्यम अवस्थेत अँटिबॉडी अतोनात असतात तेव्हा त्या अतिरेकामुळेच गुठळी नीट होत नाही, याला प्रोझोन म्हणतात. कण खरखरीत, अर्धवट दिसले तर सिरम १:१६ पर्यंत पातळ करून परत लावा.

फ्रिजमध्ये काही दिवसांत गरमीचा जंतू मरतो, मग चाचणी कशाला, असं विचारतात. प्लेटलेट फ्रिजमध्ये नसतातच, २० ते २४ अंशांवर हलवत ठेवतात. शिवाय ही चाचणी दात्याच्या जोखमीबद्दल सांगते. जो मार्ग गरमीचा, तोच एचआयव्हीचा.

हिवतापात पट्टी-चाचणीवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. रुग्णाच्या अंगात ताप असताना परजीवी भरपूर असतात, पट्टी छान काम करते. दाता मात्र ठणठणीत, परजीवी असलेच तर विरळ. पूर्ण पिशवी चढवताना थोडे परजीवीही पुरेसे होतात. जाड थेंब करायचा, तो इतका की खालच्या छापील कागदावरची अक्षरं जेमतेम वाचता यावीत. पूर्ण सुकू द्यायचा, आच दाखवायची नाही, नाहीतर लाल पेशी काचेला चिकटून बसतात आणि रंग चढवताना हिमोग्लोबिन निघत नाही. जेएसबी रंग, तेलाचं भिंग, किमान १०० क्षेत्रं बघायची. फॅल्सिपेरम हिवतापाची एचआरपी-२ (परजीवीचं एक प्रथिन) शोधणारी पट्टी बरा झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहते, तेही ध्यानात ठेवा. खरी चाळणी प्रश्नावलीत आहे: हिवताप होऊन बरा झाल्यावर तीन महिने रक्त द्यायचं नाही. डेंग्यूची पिशवीवर सक्तीची चाचणी नाही, तिथेही बरं झाल्यावर सहा महिने थांबणं हाच उपाय.

ओपीडी क्रमांक सात

रुग्णांच्या बाजूने चार गोष्टी, कारण पेढीची चाचणी आणि निदानाची चाचणी यांची गल्लत फार होते.

कावीळ क: अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग कधीतरी झाला होता, एवढंच. काही जणांच्या शरीरातून विषाणू आपोआप जातो, उपचारानंतरही जातो, अँटिबॉडी मात्र वर्षानुवर्षं राहते. आरएनए तपासल्याशिवाय औषध सुरू करायचं नाही, आणि बरा झाला का हे पाहायला अँटिबॉडी परत परत करून पैसे घालवायचे नाहीत. राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

कावीळ ब: लस घेतल्यावर दोन-तीन आठवडे एचबीएसएजी रिॲक्टिव्ह येऊ शकतं, कारण लशीत तेच प्रथिन असतं. 'लस कधी घेतली?' हा प्रश्न आधी विचारा. खरा संसर्ग निघाला तर सहा महिन्यांनी पुन्हा एचबीएसएजी. तेव्हाही असेल तर तो जुनाट धरायचा आणि डीएनए, यकृताच्या तपासण्या करायच्या. घरच्या सगळ्यांची तपासणी आणि लसीकरण त्याच आठवड्यात.

एचआयव्हीबाधित आईचं बाळ: आईच्या अँटिबॉडी बाळात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्याआधी एलायझा पॉझिटिव्ह आली म्हणून बाळ बाधित असं समजू नये. सहा आठवड्यांना टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पीसीआर होतं.

नुकतंच रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन चढवलेला रुग्ण: दात्याच्या अँटिबॉडी त्याच्या रक्तात फिरत असतात. अँटि-एचबीसी पॉझिटिव्ह आलं तर चढवण्याआधीचा नमुना शोधा.

गावठाण

अवांतर: कावीळ कची चाचणी आपल्याकडे सक्तीची कधी झाली?

मुळशीकर

२००१ मध्ये. एचआयव्हीची १९८९ मध्ये. देशात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६ साली चेन्नईत, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली, ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे. मला विचाराल तर सुरक्षिततेत त्या बंदीचा वाटा कुठल्याही किटएवढाच आहे. पैशासाठी येणारा माणूस प्रश्नावलीत खरं सांगत नाही.

नवीन सदस्य

धाग्याबद्दल आभार. एका दात्याला पेढीतून फोन आला आहे. त्याने आता नेमकं काय करायचं?

ओपीडी क्रमांक सात

@नवीन सदस्य, त्याला पेढीत जायला सांगा, शक्य तर या आठवड्यातच. फोनवर निकाल सांगत नाहीत, ते त्याच्याच गोपनीयतेसाठी. समुपदेशकाशी बोलताना बायको, भाऊ कुणीही सोबत असणं सक्तीचं नाही. एचआयव्हीसाठी त्याला आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात पाठवतील. तिथे तपासणी मोफत असते, नवा नमुना घेतात आणि वेगवेगळ्या बनावटीच्या तीन चाचण्या करतात. तीनही रिॲक्टिव्ह आल्या तरच 'पॉझिटिव्ह'. एचआयव्ही-एड्स अधिनियम, २०१७ नुसार त्याच्या संमतीशिवाय हा निकाल मालकाला किंवा कुणा तिऱ्हाइताला सांगता येत नाही. मनात शंका असेल तर १०९७ वर फोन करता येतो.

दोन गोष्टी टाळायला सांगा. शेजारच्या लॅबची पट्टी निगेटिव्ह आली म्हणून विषय संपवायचा नाही. आणि खात्री होईपर्यंत दुसऱ्या कुठल्याही शिबिरात रक्त द्यायचं नाही. ज्यांना फक्त स्वतःची तपासणी करून घ्यायची आहे त्यांनीही शिबिरात येऊ नये, सरळ आयसीटीसी गाठावी. जोखीम घडल्यावर आठवड्याभरात शिबिरात येणारा माणूस नेमका विंडो पिरियडमध्ये असतो.

हिरवा चाफा

पेढीवाल्यांसाठी एक भर. दात्याला फोन करण्याआधी पिशवीच्या नळीचा सीलबंद तुकडा कापून त्यातल्या रक्तावर तीच चाचणी लावा आणि रक्तगटही बघा. तुकड्यावर छापलेला क्रमांक पिशवीशी जुळतो, चाचणीची नळी मात्र शिबिराच्या गर्दीत हाताने चिकटवलेल्या लेबलची असते. तुकडा निगेटिव्ह आणि नळी रिॲक्टिव्ह निघाली तर त्या शिबिरातल्या मागच्या-पुढच्या क्रमांकाच्या सगळ्या पिशव्या ताबडतोब अडवा, लाल पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा तीनही. लेबलं अदलाबदल झाली असतील तर खरी बाधित पिशवी शेजारच्या क्रमांकावर 'सुरक्षित' म्हणून फ्रिजमध्ये बसलेली असते. प्लेटलेटचं आयुष्य पाच दिवसांचं, त्या सगळ्यांत आधी निघून जातात, म्हणून शोध प्लेटलेटच्या रॅकपासून सुरू करा.

सूक्ष्मदर्शी

@हिरवा चाफा, +१. लेबल टेबलावर नव्हे, दात्याच्या खाटेपाशी, सुई टोचण्याआधी, पिशवी आणि नळ्या दोन्हींवर एकाच पट्टीतून लावायचं. टेबलावर नळ्यांना आधीच लेबलं लावून ठेवली की अदलाबदल तिथेच होते.